चिऊच्या फाइलमधले दात

"ताई, आमच्या चिऊचे दात सरळ झाले म्हणे." पीपलरावां गावाहून चिऊच्या आईचा, सरलाचा फोन. "पोरगी समोर बसलीय. ओठ मिटत नाहीत तिचे. शाळेत तोंडावर रुमाल धरून बसते."

"तार लावली होती?"

"कुठली तार? फोटो काढला, बस. आता म्हणतात केस पूर्ण, सरकारी इलाज परत मिळणार नाही."

फोन घेणारी विद्युल्लता शितोळे धारच्या कार्यालयात बसायची. मुलांच्या दातांच्या सरकारी योजनेची तपासनीस. दुपारी ती योजनेच्या देवासच्या केंद्रात पोचली; चिऊची फाइल तिथलीच.

भिंतीवर प्रशस्तिपत्र. सर्वात कमी खर्च, सर्वात जलद काम. चाळीस पोरं, चाळीस दिवस. दात सरळ व्हायला दोन वर्षं लागतात, हे बक्षीस देणाऱ्यांना कोणी सांगितलं नसावं.

कपाटात इलाजानंतरचे साचे होते, प्लास्टरचे जबडे. एकातून झुरळ निघालं. तिने नाकाला पदर लावून पाच-सहा उचलले. प्रत्येकात पुढच्या एका दाताचा कोपरा उडालेला. प्रत्येकात मागे अक्कलदाढा.

"डॉक्टर, हे बघितलेत?"

"सही आहे ना माझी," केंद्राचे डॉ. अजेय म्हणाले.

"बघितलेत का?"

"गठ्ठ्याने येतात हो. बघत बसलो तर काम कधी करू?"

"साचे कोण बनवतं?"

"व्यवस्थापक. हे आपले विश्वासराव."

विश्वासराव ओठ मिटून हसले. "फालतू खर्च नाही आपल्याकडे, मॅडम."

तिने पिशवीतून दोन जाम काढले, पिकलेले पेरू. "सरदारपूरचे आहेत, गोड. घ्या."

दोघांनी चावा घेतला. तिने दोन्ही उष्टी फळं काढून घेतली आणि साच्याशेजारी ठेवली. लाळ टेबलावर ओघळली.

"दहा वर्षांच्या पोरीला अक्कलदाढा नसतात. दातांच्या डॉक्टरकडून ही चूक होत नाही, म्हणून हे साचे डॉक्टरांनी बनवलेले नाहीत. आता तुमचा हा जाम बघा. चाव्याच्या मधोमध गराची बारीक पट्टी उभी राहिलीय, कोपरा उडालेल्या दाताची. चाळीस पोरांच्या तोंडात तुमचेच दात आहेत, विश्वासराव. पोरांसाठी आलेल्या तारा कुठेत?"

"खाजगी दवाखान्याला विकल्या." मग जरा अभिमानाने, "पण माप एकदाच घेतलं, माझ्याच तोंडाचं. मापाचा मसाला किती वाचला."

तिने साचा आणि उष्टा जाम पिशवीत टाकला.

"चिऊची केस कशी उघडणार?" डॉक्टर पुटपुटले. "पूर्ण झालेली परत उघडत नाही."

"पूर्ण झाली ती विश्वासरावांची. दात त्यांचेच आहेत ना?" तिने कोरा अर्ज त्यांच्यापुढे सरकवला. "चिऊची आज सुरू करा. आणि या वेळी सही करायच्या आधी तोंडात बघा."