आरतीच्या दप्तरातली बाजरी

संध्याकाळी शाळेची व्हॅन राजुरीच्या वळणावर थांबली. नवा ड्रायव्हर हसत खाली उतरला आणि त्यानं हर्षालीच्या हातात एक कापडी पिशवी दिली... अजून कोमट.

“तुमचं दळण. बारीकच आणलंय.”

हर्षालीनं नाडी सोडली. आत बाजरीचं पीठ.

ती बाजरी भाकरीसाठी नव्हती. तिची नऊ वर्षांची बहीण आरती बोलत नसे. गलका झाला की कानांवर हात दाबून कोपऱ्यात बसे. मांडीवर काही जड असलं, की मात्र निवांत होई. म्हणून दप्तर भरताना हर्षाली वह्यांसोबत ही पिशवीही ठेवायची.

गावातली दळणं याच व्हॅनमधून शाळेजवळच्या गिरणीवर जात. दप्तरातून डोकावणारी पिशवी पाहून संपतनं, त्या ड्रायव्हरनं, तीही न विचारता नेली. आरती दिवसभर वर्गाबाहेर बसून राहिली. बाईंचा निरोप होता – उद्याही असंच झालं, तर हिला घरीच ठेवा.

हर्षालीनं आवाज न चढवता त्याला सगळं सांगितलं. “भाऊ, विचारायचं तरी व्हतं.”

“चुकलं. लई चुकलं.” तो जायला वळला, पुन्हा थांबला. “फक्त... ते भाऊ तेवढं नका म्हणू.”

तिला रागवायचं होतं. हसू आलं, म्हणून ती नाडी बांधत बसली.

सकाळी दाट धुक्यात संपत ओसरीवर हजर. हातात घरची बाजरी. हर्षाली दप्तर भरत होती आणि तो एकेक गोष्ट विचारत होता. डबा फडक्यात का? खणखणाट सोसत नाही म्हणून. चमचा घरचाच का? दुसऱ्यानं ती जेवत नाही म्हणून. हळूहळू त्याचे प्रश्न थांबले. तो नुसता तिच्या हातांकडे बघत राहिला.

आरतीनं नवी बाजरी भरलेली पिशवी उचलली, भिरकावून दिली आणि कानांवर हात दाबले.

संपत दूर भुईवर बसला, परात ओढली, पिशवीतली बाजरी तीत ओतली आणि ती मुठीतून हळूहळू सोडू लागला. भुरभुर पावसासारखा आवाज. आरतीकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. तिचे कानांवरचे हात सुटले. ती सरकत आली. मूठ भरून तिनं बाजरी त्याच्या तळहातावर ओतली... आणि तळहातावर आपला हात ठेवला.

हर्षाली दप्तर भरायची थांबली. परक्या माणसाला आरतीनं कधी हात लावला नव्हता.

मग आरतीनंच पिशवी भरली. दप्तरात ठेवली.

तो दिवस हर्षालीनं कसा काढला, तिलाच ठाऊक. संध्याकाळी व्हॅन थांबली. संपत उतरला.

“बसली. सुटेपर्यंत वर्गातच बसली.”

तिचे डोळे भरून आले. ते लपवायला तिनं मान फिरवली. “मला बघायला येणारे एकच विचारतात,” ती म्हणाली, “लग्नानंतर हिचं काय? मी त्यांना नाय म्हणते.”

“मला ते न्हाई विचारायचं.”

“मग?”

“दप्तर रोज दोघांनी भरलं तर... चालंल का?”

हर्षालीनं आरतीच्या पाठीवरचं दप्तर उतरवलं. आजवर ते तिनं घराबाहेरच्या कुणाला उचलू दिलं नव्हतं. तिनं ते त्याच्या हातात दिलं आणि घराकडे चालू लागली.

“जड हाय,” ती म्हणाली. “नीट धरा.”