चौथीजवळ

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण ही गोष्ट खरी आहे. ज्यांच्यावर बेतली, त्या गोजराबाई माझ्या आईची थोरली मावशी.

साल १९३६. चैत्रातली टळटळीत दुपार. वऱ्हाडातल्या कारंजा गावाजवळचा बायकांचा एक छोटा दवाखाना. नाव सांगत नाही.

गोजराबाई तिथं नर्स होत्या. आता त्यांना नव्या पोरी शिकवायच्या होत्या. कसं शिकवायचं, ते दाखवायला मेहरुन्निसाबाई आल्या होत्या. वयानं मोठ्या, बोलणं मोजकं.

"उत्तर आपण सांगायचं नाही," त्या म्हणाल्या. "इचारायचं, आन् थांबायचं. त्यायले पाहू द्या, ठरवू द्या."

पहिला वर्ग. सकाळीच बाळंत झालेल्या अमीनाबीच्या खाटेपाशी पाच पोरी रांगेत उभ्या होत्या. मेहरुन्निसाबाई दारात.

गोजराबाईंनी विचारलं, "या खोलीत आत्ता कोनाजवळ बसाले पायजे?"

पोरी एकमेकींकडं पाहू लागल्या.

त्या थांबल्या...

बाहेरचा कावळासुद्धा गप्प झाला.

आणि मागच्या रिकाम्या खाटेवरून थकलेला बाईचा आवाज आला...

"चौथीजवळ."

गोजराबाई गर्रकन वळल्या. खाटेवर कुणीच नव्हतं.

चादरीला सुरकुतीसुद्धा नव्हती.

रांगेतली चौथी होती पंचफुला. कामरगावची, धडधाकट पोरगी. गोजराबाईंनी तिचं मनगट धरलं. नाडी बरोबर. अंगात ताप नाही. जीभ स्वच्छ.

"मले काय झालं बाई? कायले पाहून राह्यल्या?" ती हसली.

पोरींपैकी तो आवाज कुणीच ऐकला नव्हता.

"शिकवा पुढं," दारातून मेहरुन्निसाबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता.

संध्याकाळी पंचफुला हसतखेळत खोलीवर गेली.

सकाळी आलीच नाही.

झोपेतच गेली होती. अंगावर साधा ओरखडाही नव्हता.

गोजराबाई तडक मेहरुन्निसाबाईंकडे गेल्या. "तुमी आयकलं होतं ना?"

मेहरुन्निसाबाईंनी आधी दार लोटून घेतलं.

"मी शिकवाले इथंच शिकली. तवा 'पहिलीजवळ' म्हनली होती ते बाई."

"मंग तुमी काय केलं?"

"तुमी केलं तेच. नाडी पाह्यली. बरोबर होती. सकाळी ते पोरगीबी गेली."

"मंग चुकलं कुठं?"

"त्या बाईनं नाडी पाहा म्हनलं नव्हतं, गोजराबाई. जवळ बसा म्हनलं होतं."

पुढं वीस वर्षं गोजराबाईंनी पोरी शिकवल्या. तो प्रश्न मात्र पुन्हा कधी विचारला नाही.

त्या रात्री जवळ बसल्या असत्या, तर पंचफुला वाचली असती?

की फक्त एकटी मेली नसती...?

मरेपर्यंत त्यांना ते ठरवता आलं नाही. मलाही येत नाही.