उरलेलं अर्धं

दुकान उघडलं की पहिलं काम पाण्याचं. पातेलं स्टोव्हवर चढवायचं, त्यात धुतलेले टॉवेल सोडायचे आणि ते उकळेपर्यंत ब्रश, कंगवे, वस्तऱ्याची मूठ सगळं जंतुनाशकात बुडवून ठेवायचं. मग हात कोपरापर्यंत साबणाने. तिची दीड वर्षाची लेक मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसून हा सोहळा बघायची आणि आपले कोरडे हात एकमेकांवर चोळायची.

मागच्या खोलीत तिचे बाबा असत. उभा जन्म त्यांनी या खुर्चीमागे काढला होता. झटका येऊन उजवा हात लुळा पडला, तेव्हा त्यांच्या जागी ती उभी राहिली. आणि आल्या आल्या तिने काय केलं, तर बाबांचा वस्तरा तेलाच्या फडक्यात गुंडाळून खणात टाकला. त्याऐवजी मोडायची पाती आणली. गिऱ्हाइकासमोर नवं पातं घ्यायचं, कागदासकट मधोमध मोडायचं, कट्ट. एक अर्धं मुठीत बसवायचं, त्या एका चेहऱ्यापुरतं. काम झालं की ते पत्र्याच्या डब्याच्या फटीतून आत. दुसऱ्या अर्ध्याला अजून कुणाची कातडी लागलेली नसते, म्हणून ते कागदात तसंच, पुढच्यासाठी.

"अर्ध्या पात्याची बाई," बाबा चिडवायचे. "दाढीसुद्धा अर्धीच करतेस की काय?"

"आणि तुम्ही एका वस्तऱ्याने अख्ख्या गल्लीचं रक्त एक करत होतात, ते बरं होतं?"

"म्हणून तर गल्लीत भांडणं नव्हती, चिमणे."

चिमणी म्हणणारे ते एकटेच. लहानपणी ती या खुर्चीच्या हातावर बसून दाढ्या बघायची, तेव्हाचं ते नाव. बाकी सगळं जग तिला ताई म्हणायचं.

पहिलं गिऱ्हाईक गेलं की उरलेलं अर्धं घेऊन ती मागे जायची आणि बाबांची दाढी करायची. दिवसातला तेवढाच वेळ तिचा स्वतःचा वाटायचा. बाबांच्या डाव्या जबड्याखाली केसांचा भोवरा होता, बोटाच्या पेराएवढा. तिथे वस्तरा वळवून घ्यावा लागे. हनुवटीवर एक जुना वण होता. वरचा ओठ झाला की ते न सांगता गाल फुगवत. लेक त्याचीच वाट बघत असे. तिने बोट टोचलं की बाबा फुस्स करून हवा सोडत, आणि मग तिचं हसू आणि फेसाचे शिंतोडे घरभर.

एका सकाळी पहिलं गिऱ्हाईक नवीन होतं. स्वच्छ कपडे, हलका आवाज.

"माझ्यासमोर मोडा हं, ताई," तो खुर्चीत बसता बसता म्हणाला.

"समोरच मोडते."

पातं मोडताना तो टक लावून बघत होता. मग त्याची नजर कागदातल्या दुसऱ्या तुकड्याकडे गेली. "ते कुणाचं?"

"घरातल्यांचं आहे."

"बरं," असं म्हणून त्याने मान मागे टेकवली. खुर्चीचा टेका नेहमीसारखा किरकिरला.

फेस लावण्याआधी दाढीवरून बोट फिरवून केसांचा कल बघायचा, ही तिची सवय. त्यावरच वस्तरा कुठून कुठे न्यायचा ते ठरतं. या माणसाच्या दाढीला कलच नव्हता. वरून खाली बोट नेलं तरी मऊ, खालून वर नेलं तरी मऊ. चेहऱ्यावर ना तीळ, ना खड्डा, ना सुरकुती. दाढी कशी सरसर झाली. तो गेल्यावर टॉवेल पाण्यात टाकताना तिने त्याचा चेहरा आठवून बघितला आणि तिला तो आठवेना. जबड्यावरून माणूस ओळखणारी ती, स्वतःशीच हसली. रात्री लेकीने झोपू दिलं नव्हतं, त्याचा परिणाम असेल.

तो रोज येऊ लागला. रोज पहिला. रोज तेच वाक्य.

पावसाळी हवेच्या एका सकाळी जबड्याखालून वस्तरा नेताना तिचा हात आपसूक वळला. वळून गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण भोवरा टाळला. डाव्या बाजूला, बोटाच्या पेराएवढा.

असतात भोवरे. पुष्कळांना असतात.

मागे जाऊन तिने बाबांच्या जबड्याखाली बोट फिरवलं. वरून खाली मऊ. खालून वर मऊ.

"बाबा, तुमचा भोवरा कुठे गेला?"

बाबा तिच्याकडे बघत राहिले. प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, झटक्यानंतर माणूस असा मधूनमधून हरवतो. वरचा ओठ झाला. लेकीने बोट पुढे केलं. बाबांनी गाल फुगवला नाही. ती बोट तसंच धरून बराच वेळ उभी राहिली, आणि मग तिने ते बोट तोंडात घातलं.

दुपारी शेजारचे शिंपीकाका केस कापायला आले. बसल्या बसल्या म्हणाले, "वडील बरे झाले म्हणायचे की तुझे! सकाळी खुर्चीत बसलेले बघितले काचेतून. मी हात केला, तर त्यांनीही केला."

"ते गिऱ्हाईक होतं, काका."

"जा गं! त्यांच्या हातून मी पहिली दाढी करून घेतली. मी ओळखणार नाही होय?"

तिने कात्री चालू ठेवली. आरशात शिंपीकाका बोलत होते, हसत होते. तिला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या माणसाच्या हनुवटीवर वण होता. वरच्या ओठाशी वस्तरा आला, तसा त्याने न सांगता गाल फुगवला. उंबऱ्यावरची लेक ताडकन उठली आणि दोन्ही हात पसरून खुर्चीकडे धावली. आईने मधेच तिला काखेत उचललं. लेक रडू लागली.

"पाणी जरा गरम घे, चिमणे," तो माणूस म्हणाला.

तिने वस्तरा गालावरून उचलला. तो मात्र डोळे मिटून होता, आणि आवाज हलका राहिला नव्हता. त्यात बाबांची खरखर होती.

त्या दिवशी मागच्या खोलीत बाबा भिंतीकडे बघत बसले होते. गुळगुळीत चेहरा, ना वण, ना भोवरा. तिने त्यांचा लुळा हात हातात घेतला आणि कितीतरी वेळ चोळत बसली. आपणच रोज सकाळी पातं मोडत होतो. आपणच एक अर्धं त्याला देत होतो आणि एक यांना. आधी तो, मग हे; आणि यांचं सगळं त्याच्याकडे चाललं होतं.

मग उलटं करायचं. एवढंच तर करायचं होतं.

सकाळी पाणी उकळायच्या आधी तिने बाबांसमोर पातं मोडलं आणि पहिल्या अर्ध्याने त्यांची दाढी केली. दुसरं कागदात गुंडाळलं.

तो आला. वण, भोवरा, सगळं घेऊन आला. मान टेकवताना टेका किरकिरला. तिने उरलेलं अर्धं मुठीत बसवलं.

आज तो मोडा म्हणाला नाही. आरशातून तो नुसता तिच्याकडे बघत होता, आणि त्याचे डोळे भरले होते.

"चिमणे," तो म्हणाला. "अगं, काय करतेस हे?"

तिने फेसाचा ब्रश उचलला. चोराशी बोलायचं नसतं.

वस्तरा हनुवटीवरून गेला. फेसाबरोबर वण गेला.

जबड्याखालून गेला. भोवरा गेला.

त्याचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. तिने हात थांबू दिला नाही. शेवटी त्याने गाल फुगवला, उंबऱ्याकडे बघत. तिथे लेक नव्हती. तिने तिला आधीच पाळण्यात झोपवलं होतं.

पातं डब्यात टाकून, ब्रश धुऊन ती वळली. खुर्ची रिकामी होती. दाराची घंटी मात्र वाजली नव्हती.

ती धावत मागे गेली. बाबा खाटेवर ताठ बसले होते. हनुवटीवर वण होता. तिने जबड्याखाली बोट लावलं, भोवरा टोचला. बाबा तिच्याकडे बघून हसले. ती त्यांच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडली.

त्यानंतर तो माणूस आला नाही. बाबा दिवसेंदिवस सुधारत गेले. लुळा हातही हलू लागला. डॉक्टर चकित झाले. लेक तेवढी त्यांच्याजवळ जाईना. हाक मारली की पदराआड लपायची, आणि वेळ मिळाला की दुकानात पळायची.

"बिचकलीय," शिंपीकाका म्हणाले. "होईल सवय."

एका सकाळी दाढीचं सामान घेऊन ती बाबांसमोर बसली. फेस लावला. पाकिटातून पातं काढलं. बाबांची नजर तिच्या बोटांवर होती.

"माझ्यासमोर मोडा हं, ताई," ते म्हणाले. आवाज हलका होता.

कट्ट झालं. कागदात दोन तुकडे पडले.

दुकानातून लेकीचं हसू ऐकू आलं. दार अजून बंद होतं, फळ्या लावलेल्या होत्या. मग टेका किरकिरला.

ती उंबऱ्यापर्यंत गेली. खुर्ची तिच्या लेकीला एकटीने चढता येईल एवढी बुटकी नव्हती. तरी लेक वर बसली होती, अगदी पुढच्या कडेला, कुणाच्या गुडघ्यांवर बसावं तशी. मान वळवून ती मागे बघत होती. तिने बोट पुढे केलं आणि हवेत टोचलं.

रिकाम्या खुर्चीतून आवाज आला, फुस्स.