निळं छत

त्या दिवशी मी ल्युव्हिनियाकडे गेले ती नुसती भेंडी द्यायला. माझ्या परसात भेंडी उदंड आली होती, आणि ल्यू माझी चुलत बहीण. तिच्या हातच्या कोळंबी-भेंडीच्या रश्श्याचा वाडगा मला परत मिळणार हे ठरलेलं. जाऊन पाहते तर साठी उलटलेली ही बाई शिडीवर चढून व्हरांड्याचं छत खरवडतेय. केसांत, भुवयांवर, सगळीकडे निळे पापुद्रे.

आमच्या लोकांत व्हरांड्याचं छत निळं ठेवतात. मेलेल्यांना ते पाणी वाटतं, आणि पाणी त्यांना ओलांडता येत नाही. आमच्या आज्या किनाऱ्यालगतच्या बेटांवरून इथे सव्हाना शहरात आल्या त्या हा रंग बरोबर घेऊनच. छत पुन्हा पुन्हा रंगवायचं हे माहीत होतं. खरवडलेलं कोणी ऐकलं नव्हतं.

"अगं उतर खाली! डोकं फिरलंय का तुझं?"

"शिडी धर आधी. मग बोल काय ते."

"आजी असती ना, याच शिडीला बांधून घातलं असतं तुला."

"आजीला खोल्या भाड्यानं द्यायच्या नव्हत्या," ल्यू म्हणाली. "पलीकडच्या घरात म्हणे कोणी मेलेला सैनिक जिना उतरतो. त्यांच्याकडे नाताळपर्यंत जागा नाही, आणि माझ्याकडे चिटपाखरू नाही. मला काय शिकवतेस? तूच गावभर भुतं विकत फिरतेस!"

"मी गोष्टी विकते, ल्यू. भुतं नाही."

पण तिचं चूक नव्हतं. आम्ही लहान असताना या गावाला कुत्रं विचारत नव्हतं. जुनी घरं पाडायची आणि विटा विकायच्या, एवढाच धंदा. मग काही बायकांनी कंबर कसली, घरं वाचवली, आणि चौकाचौकांत ओकच्या सावलीत पाहुणे दिसू लागले. पुढे कोणीतरी छापून टाकलं की देशात सर्वांत जास्त भुतं आमच्याकडेच. मोजली कोणी, देव जाणे! आता जुन्या शववाहिकांची छपरं कापून त्यांतून पाहुणे फिरवतात, आणि ज्याच्या घरी भूत नाही त्याच्या घरी गिऱ्हाईक नाही. तिन्हीसांजेला कंदील घेऊन मीसुद्धा पाहुण्यांची एक टोळी फिरवते. पोट त्यावरच चालतं.

ल्यूच्या हातातली लोखंडी पत्ती थांबली.

"खरं सांगू, अर्नेस्टीन? पाहुणे हे निमित्त आहे. माझी रोझेटा पाण्यात गेली, आणि मी इतकी वर्षं दारावर हे पाणी धरून बसले. पोरीनं घरी यायचं कसं गं?"

रोझेटा सात वर्षांची होती. माझ्या घरी राहायला आली होती. तिथूनच माझी टोपली घेऊन खेकडे धरायला खाडीवर गेली, आणि भरतीनं तिला नेलं. ना ती सापडली, ना टोपली. मी शिडी धरली.

थोड्याच दिवसांत ल्यूच्या पायऱ्यांवर ओली पावलं उमटू लागली. आभाळ कोरडं, आणि पायऱ्या ओल्या. ओहोटीला खाडीच्या चिखलाचा वास सुटतो तसा वास. माझ्या टोळीतले लोक फोटो काढत, किंचाळत, हसत. ल्यूच्या खोल्या भरल्या. मी मनात म्हटलं, चला, लेक आली घरी.

एका संध्याकाळी वादळ भरून आलं, दिवे गेले. माझी टोळी फिरकलीच नाही, म्हणून मी ल्यूकडे गेले. ती दाराशी चिमणी ठेवून बसली होती. मांडीवर रोझेटाचा एक बूट.

"ल्यू... ती येते ना?"

"गप्प. बघू दे."

खालची पायरी काळी पडली. मग वरची. मग तिच्या वरची. पाऊल दिसत होतं, माणूस दिसत नव्हतं. चिखलाचा वास इतका जवळ आला की मी श्वास रोखला. चिमणीची ज्योत घराच्या बाजूला झुकली आणि पुन्हा सरळ झाली. ल्यूनं वाकून ओल्या खुणेवर उजेड धरला. मोठ्या माणसाचं पाऊल होतं, आणि त्याच्यामागे साखळी ओढल्यासारखी लांब रेघ.

"नाही," ती म्हणाली. "हे तिचं नाही. कालचंही नव्हतं."

"म्हणजे... रोज वेगळं कोणी?"

"रोझेटाच्या डाव्या पायाची दोन बोटं जुळलेली होती. मी सगळी पावलं बघते. म्हाताऱ्यांची, बायाबापड्यांची, नुकत्या चालायला लागलेल्या पोरांची..."

गुलाम म्हणून साखळदंडांत आणलेली आमची किती माणसं जहाजांवरून या नदीत टाकली, ते मी टोळीला कधी सांगत नाही. त्या गोष्टी विकल्या जात नाहीत.

"आणि ही परत कधी जातात?"

ल्यूनं मान हलवली. "बाहेर जाणारं पाऊल मी अजून पाहिलं नाही."

आत, अंधारात, पाहुण्यांपैकी कोणीतरी खदखदून हसलं.

"ल्यू, तुझ्या पाया पडते. मी रंग आणते, आपण दोघी मिळून..."

"ती यायचीय अजून," ल्यू शांतपणे म्हणाली. "ती आल्याशिवाय मी दार कसं लावू?"

मी जवळजवळ पळतच घरी आले. माझ्या व्हरांड्याचं छत अजून निळं आहे. ते छत जिथे सुरू होतं, त्याच्या बाहेरच्या शेवटच्या पायरीवर दोन लहान ओली पावलं शेजारी शेजारी उभी होती. डाव्याची दोन बोटं जुळलेली. बाजूला पाण्यानं निथळणारी टोपली.

पोर जिथून गेली तिथेच परत आली. तिला वाट तेवढीच ठाऊक.

तेव्हापासून ती रोज येते, आणि पायरीवर थांबते. मला तिची माया येते आणि भीतीही वाटते. दोन्ही खरं आहे. निळा रंग काढला तर तिच्यामागून कोण कोण येईल? ल्यूला सांगितलं असतं तर ती शिडी घेऊन इथे आली असती. ती तिकडे दार उघडं टाकून बसायची, रोज एक नवं पाऊल तपासायची, आणि माझी जीभ उचलली नाही.

आज सकाळी पायरी झाडताना केरात निळे पापुद्रे निघाले. मी वर पाहिलं. छताच्या कडेला लहान पोरीच्या पंजाएवढी जागा खरवडून उघडी पडली आहे. ल्यू तर आता आठवडाभर अंथरुणाला खिळलेली आहे, आणि माझ्याकडे शिडी नाही.