बाकावरची मुलगी बारीक झाली

"माझी मुलगी बारीक झाली आहे," बाई म्हणाल्या. "ब्राँझची असून."

खिडकीपाशी पेंगणाऱ्या भाऊजींना वाटलं, हे वाक्य आपण झोपेत ऐकलं. त्यांनी डोळे उघडले. दारात खरोखरच सत्तरीच्या एक बाई उभ्या होत्या. हातात पांढरी काठी, मुठीत काहीतरी घट्ट धरलेलं.

वहिनींनी खुर्ची अशी सरकवली की ती बाईंच्या हाताला आपोआप लागावी. "बसा. आणि पहिल्यापासून सांगा."

वहिनी आधी वजनमापांच्या प्रयोगशाळेत होत्या. ती नोकरी सोडून त्यांनी शोधाचं काम सुरू केलं, त्याला नऊ वर्षं झाली होती. धाकटे दीर सगळीकडे बरोबर असत, त्यामुळे सारं गाव त्यांना वहिनी म्हणे आणि दिरांना भाऊजी. भाऊजींकडे दोन कामं होती. गाडी चालवणं, आणि चुकीचा निष्कर्ष सगळ्यांच्या आधी काढून ठेवणं.

बाई शाळेत भूगोल शिकवत. त्यांचे यजमान शिल्पकार होते. मुलगी एकोणिसाव्या वर्षी तापाने गेली. त्याच्या आदल्या वर्षी यजमानांनी गंमत म्हणून तिच्या उजव्या हाताचा साचा काढून ठेवला होता. पुढे नव्या वसाहतीच्या चौकात त्यांनी दगडी बाकावर बसलेली ब्राँझची मुलगी केली, तेव्हा तोच हात तिला लावला. पंजा बाकावर उताणा टेकवलेला. शेजारी येऊन बसेल त्याने धरावा असा.

"यजमान गेले. सात वर्षांपूर्वी माझी नजर गेली. मी रोज सकाळी जाते, तो हात धरून बसते. तिची अंगठी तिच्या बोटात घालते आणि निघताना काढून घेते." बाईंनी मूठ उघडली. आत एक साधी चांदीची अंगठी होती. "ही मधल्या पेरावर अडकायची. हाडामांसाचं बोट दबतं, ब्राँझचं दबत नाही. मध्यंतरी विकासकाने पुतळा सफाईला नेला होता. दोन महिन्यांनी आणून बसवला, आणि तेव्हापासून अंगठी सरळ मुळापर्यंत जाते."

"घरचे काय म्हणतात?"

"मुलगा म्हणतो, आई, अंगठी झिजली असेल. मी म्हटलं, दोन महिने डबीत पडून?"

वहिनींनी ड्रॉवरमधून बारीक मापाचं व्हर्नियर काढलं आणि अंगठी आतून तीन ठिकाणी मोजली. "सतरा मिलिमीटर. तिन्हीकडे सारखी. झिजलेली नाही."

"तो हात कुठे आहे, एवढंच शोधा," बाई म्हणाल्या. "वितळवला असेल तर तेही सांगा. मी रडणार नाही. पण जे सांगाल ते नक्की सांगा."

*

चौकात कोवळं ऊन पडलं होतं. भोवतीच्या सहा इमारतींच्या काचांवरून ते उतरत होतं, आणि सगळा चौक पाण्याखाली असल्यासारखा हलका डुलत होता. मुलगी मान किंचित वळवून बसली होती. भाऊजींना वाटलं, आपण जरा हळू चाललो तर ही काहीतरी बोलेल.

वहिनी मात्र गुडघे टेकून बाकाकडे बघत होत्या. बाकाचा दगड वर्षानुवर्षं पावसाच्या ओघळांनी हिरवट झाला होता. पण मुलीच्या कडेने, अगदी तिच्या अंगालगत, स्वच्छ दगडाची एक फिकी पट्टी दिसत होती.

"डावीकडे सहा मिलिमीटर," वहिनी म्हणाल्या. "उजवीकडेही सहा. मुलगी बाकावर रुंद किती, भाऊजी?"

भाऊजींनी टेप धरला. "अठ्ठावन्न सेंटिमीटर, आठ मिलिमीटर."

"म्हणजे आधी साठ होती."

झारी घेतलेला माळी जवळ येऊन उभा राहिला. "काय मोजताय? सफाईला म्हणून नेली, आणि जशी हिरवी नेली तशीच हिरवी आणून ठेवली. आमच्या घरी कुणी असं काम केलं असतं तर मी दारात उभं केलं नसतं."

"आणली कुणी?"

"ट्रकवाल्यांनी. चार हमाल. धड बसले नाहीत, की पाणी प्यायले नाहीत. म्हणे अजून एक ठिकाण गाठायचंय."

वहिनींनी मुलीच्या हनुवटीखाली बोट फिरवलं. तिथेही कळंक चढलेला होता, गालावर होता तितकाच हिरवा. मग त्यांनी तो उताणा तळहात पाहिला. तोही हिरवाच.

"बघा, भाऊजी."

"बघतोय. हिरवा आहे."

"हो ना," वहिनी म्हणाल्या आणि गाडीकडे चालू लागल्या.

*

शिल्पकाराचा शिष्य जुन्या स्टुडिओत एकटाच राबत होता. जिकडेतिकडे प्लॅस्टरची पांढरी भुकटी. तिच्यात पावलं उमटवत भाऊजी ढगावरून चालल्यासारखे आत गेले. कोपऱ्यात तीच मुलगी होती, पांढरीशुभ्र. फक्त तिचे दोन्ही हात मांडीवर, मुठी मिटलेल्या.

"हात वेगळा कसा?" वहिनींनी विचारलं.

"हे सरांचं मूळ प्लॅस्टर. यावरून साचा निघाला, साच्यातून मेणाची मुलगी झाली. भट्टीकडे जायच्या आदल्या दिवशी सरांनी मेणाचा उजवा हात कापला आणि पोरीच्या खऱ्या हाताचा जोडला. माझ्यादेखत. हाताचा साचा नंतर त्यांनी स्वतः फोडला."

"म्हणजे तो हात फक्त त्या ब्राँझमध्येच आहे."

"फक्त तिथेच. आणि विकासकाबरोबरच्या करारात सरांनी लिहून घेतलंय, ओतकाम एकच. दुसरी कधी निघालीच, तर वितळवायची." शिष्याने हात झटकले. "लोक मला म्हणतात, प्लॅस्टर तुझ्याकडे आहे, काढ की दोन-चार. मी म्हणतो, सर वरून बघत असतील, आणि त्यांचा हात जड होता."

बाहेर आल्यावर भाऊजी म्हणाले, "यानेच केलंय. फार गोड बोलतो."

"गाडी सुरू करा," वहिनी म्हणाल्या.

*

ओतारी काळा चष्मा लावून भट्टीपासून दूर बसला होता. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. मागच्या फळीवर बिघडलेल्या ओतकामांचे तुकडे ओळीने मांडले होते. नाकं, कान, एक अर्धा पाय, कितीतरी हात. भाऊजींनी ते हात मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली. खाली जमिनीवर भंगाराचा ढीग होता, आणि भट्टी धुमसत होती.

"ती मुलगी मीच ओतली होती, पंधरा वर्षांपूर्वी," ओतारी म्हणाला. "आता सफाईलाही माझ्याचकडे आली. तीन आठवडे घासली, ताई. कळंकाचा ठिपका ठेवला नाही. आरसा करून पाठवली, आरसा."

"चौकात बसवल्यावर पाहिली का?"

"कुठली? पाठवायच्या दिवशी मी दवाखान्यात. डॉक्टरांनी उन्हात जायला बंदी केली आहे."

"त्या दोन महिन्यांत दुसरं काही काम केलंत?"

ओताऱ्याने चष्मा उगाच नीट केला. "बारीकसारीक. दारांच्या मुठी वगैरे."

गाडीत बसताच भाऊजींनी आपलं मत बदललं. "हाच. धडधडीत खोटं बोलला. म्हणे आरसा. आपण हिरवीगार पाहून आलो की."

"खोटं बोलला," वहिनी म्हणाल्या. "पण आरशाबद्दल नाही."

*

विकासकाच्या कार्यालयात मधोमध एक काचेची पेटी होती. आत नव्या इमारतीची प्रतिकृती. करंगळीएवढी झाडं, तांदळाएवढी माणसं, आणि सगळीकडे न मावळणारी दुपार. भाऊजी वाकून बघत राहिले. तिथे एखादी खोली घेऊन झोपून जावं असं त्यांना वाटलं.

"पुतळ्यावर आमचा फार जीव," विकासक सांगत होता. "चौकाची ओळख आहे ती. म्हणून तर पदरमोड करून साफ करून घेतली."

"आणि ही नवी इमारत?"

"परवा उद्घाटन. लोकांना नवं घर हवं असतं, पण आत शिरल्यावर असं वाटायला हवं की इथे पूर्वीपासून काहीतरी आहे. जुनेपणा विकत मिळत नाही, वहिनी. करून घ्यावा लागतो."

दार ढकलून सजावटकार आत आली, हातात कापडाचे नमुने. "सर, लॉबीतलं काम फारच चकाकतंय. आपण जुनाट मागितलं होतं. शिवाय एका बाजूने वाटेत येतंय, माणसं अडखळतील. उद्या सकाळी तेवढा भाग कापून घेते, मग वरून रंग चढवू."

"घे, घे," विकासक घाईने म्हणाला.

वहिनींनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. "उद्या किती वाजता?"

"सातला. का?"

"सहज," वहिनी म्हणाल्या.

*

सकाळी पावणेसातला वहिनींनी सगळ्यांना नव्या इमारतीच्या लॉबीत गोळा केलं होतं. विकासक कपाळाला आठ्या घालून आला, ओतारी चष्मा लावून, शिष्य केसांत भुकटी घेऊन. भाऊजी बाईंना हाताला धरून घेऊन आले. एक कारागीर कापायचं यंत्र घेऊन उभा होता.

समोर पांढऱ्या कापडाखाली काहीतरी बसलेलं होतं.

"ते यंत्र जरा लांब ठेवा," वहिनी म्हणाल्या. "बाई म्हणाल्या, मुलगी बारीक झाली. मोजलं तर खरंच झाली होती. साठ सेंटिमीटरांत बारा मिलिमीटर कमी, म्हणजे शंभराला दोन. ब्राँझ ओतून थंड झालं की साधारण तेवढंच आकसतं. म्हणजे चौकातली मुलगी ही नक्कल आहे."

"प्लॅस्टरवरून केलेली," भाऊजी शिष्याकडे बघत म्हणाले.

"नाही. प्लॅस्टरवरून केली असती तर मूळ मुलीइतकीच झाली असती. कारण तीही त्यावरूनच आकसून झाली आहे. आणि मूठ मिटलेली निघाली असती. ही दोन टक्के लहान आहे आणि तिचा हात उघडा आहे. म्हणजे साचा थेट ब्राँझवरूनच काढला. ती ब्राँझची मुलगी चौकाबाहेर होती दोन महिने, आणि होती यांच्या भट्टीवर."

ओताऱ्याने मान खाली घातली.

"पण मग मूळ मुलगी गेली कुठे? माळी म्हणतो, हिरवीच परत आली. ओतारी म्हणतात, आरसा करून पाठवली. भाऊजींना वाटलं, एक जण खोटारडा आहे. मी म्हटलं, दोघंही खरं बोलत असतील तर मुली दोन आहेत."

वरच्या काचेतून उजेडाचा एक चौकोन हळूहळू कापडाकडे सरकत होता.

"चौकातल्या मुलीची हनुवटी खालून हिरवी आहे. पाऊस तिथे पोचत नाही. तळहातही हिरवा आहे, जो रोजच्या स्पर्शाने लखलखीत असायला हवा. म्हणजे तो कळंक बाटलीतला, रसायनाने चढवलेला. नवीन मुलीला कुणी मुद्दाम म्हातारं केलं. का? कारण नव्या इमारतीत जुनेपणा हवा होता." वहिनी विकासकाकडे वळल्या. "तुम्हीच म्हणालात, करून घ्यावा लागतो."

"ती माझी मालमत्ता आहे," विकासक म्हणाला.

"करार वाचा. ओतकाम एकच." वहिनींचा आवाज तसाच होता, तराजूच्या काट्यासारखा. "तर भट्टीवर दोन मुली तयार झाल्या. पंधरा वर्षांची, घासून नवीकोरी केलेली. आणि पंधरा दिवसांची, जुनी करून टाकलेली. त्या दिवशी ओतारी दवाखान्यात. ट्रकवाल्यांना दोन पत्ते दिले होते, एक उन्हापावसातल्या चौकाचा, एक नव्या कोऱ्या लॉबीचा. त्यांनी दोघींकडे पाहिलं, आणि कुणीही शहाणा माणूस करील तेच केलं."

"अरे देवा," ओतारी पुटपुटला. "मी हिरव्या मुलीवर पत्त्याची खूण केली नाही. मला वाटलं, बघून कळेलच."

"बघूनच घोटाळा झाला."

"म्हणजे चूक हमालांची," विकासक म्हणाला.

"त्यांचे आभार माना. त्यांनी बरोबर पोचवलं असतं तर बाईंच्या हातात खरी मुलगी राहिली असती, आणि तुमची चोरी कुणालाही कळली नसती."

वहिनींनी कापड ओढलं.

मुलगी सोन्यासारखी बसली होती. मान किंचित वळवलेली, आणि हात लॉबीतल्या अरुंद बाकाच्या कडेबाहेर, वाटेत, उताणा. मनगटावर खडूची पांढरी रेघ ओढली होती, कुठे कापायचं त्याची.

भाऊजींनी बाईंना पुढे नेलं. बाईंनी बाक चाचपला, बसल्या, आणि हात शोधला. मग अंगठी काढली. सगळ्यांच्या नजरा त्या एका बोटावर होत्या. अंगठी नखावरून गेली, पहिल्या पेरावरून गेली, आणि मधल्या पेराशी थांबली.

बाईंनी जरा दाबून पाहिलं. ती हलली नाही.

"हं," बाई म्हणाल्या.

मग ओतारी खालच्या आवाजात म्हणाला, "दुसरी आज वितळवतो, बाई. पण तिचा हात ठेवू का? तुमच्या घरी, टेबलावर?"

"नको," बाई म्हणाल्या. "माझ्या मुलीला दोन उजवे हात नव्हते."

*

चार दिवसांनी मुलगी चौकात परत आली. बाकावर टेकवली तेव्हा फिकी पट्टी तिच्याखाली पुरती झाकली गेली. नखाएवढीही फट उरली नाही. वहिनींनी तरीही दोन्हीकडून मोजलं.

भाऊजी झाडाखाली बसून विचार करत होते. नकलेची नक्कल, तिची पुन्हा नक्कल असं करत गेलं, तर शेवटी मुलगी त्या काचेच्या पेटीतल्या माणसांएवढी होईल. वहिनींना विचारलं तर त्या कितव्या नकलेला तेही सांगतील. त्यांनी विचारलं नाही.

माळी झारी घेऊन आला आणि डोळ्यांवर हात धरून उभा राहिला. "आता ही डोळे दिपवते. आधीचीच बरी होती."

"होईल हिरवी," बाकावरून बाई म्हणाल्या. "किती वर्षं लागतील, वहिनी?"

"पावसावर आहे. दहाएक."

"मग यायला हवं," बाई म्हणाल्या. त्यांनी अंगठी सोडवून मुठीत घेतली, पण हात काही लगेच सोडला नाही. "तळहात तेवढा नाही व्हायचा."