आकडा यायच्या आधी

कौस्तुभची बाईक तारोडीच्या वळणावर घसरली आणि सरळ शालूच्या वाळत टांगलेल्या बोंबलांत घुसली. दोरी तुटली, काठी आडवी झाली, ओले बोंबील वाळूत लोळले.

"लागलं काय?" शालूने विचारलं.

"नाही."

"मग उचला. धुवा आनि परत टांगा."

शहरात, गोडदेवच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर वाढलेला माणूस तो! एकेक बोंबील शेपटीने बांधू लागला. शालू कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"फासावर देताय काय त्यांना? दोन घ्या, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवा. हां... असं."

बोंबलांच्या दातांनी त्याची बोटं ओरबाडून निघाली, तरी शंभरेक बोंबील टांगून होईपर्यंत तो हलला नाही.

"तुमचा आवाज बसलाय," जाताना तो म्हणाला.

"बसला न्हाय, शेकलाय. घशाला कॅन्सर होता. किरणांचे पस्तीस शेक घेतले, दोन वर्सं झाली."

हे ऐकलं की लोक दोन पावलं मागे सरकतात, शालूला सवय होती. हा सरकला नाही. कुठे घेतले, एवढंच त्याने विचारलं. तिने इस्पितळाचं नाव सांगितलं, तर तो हसला. तिथेच तो कॉम्प्युटरवर काम करायचा. शेक झालेल्या हजारो पेशंटांचे कागद मशीनला शिकवायचे, म्हणजे कुणाचा आजार उलटेल ते मशीन आधीच सांगणार.

"ज्योतिषी हाय म्हना की."

"ज्योतिषी चूक कबूल करत नाही. आम्ही करतो."

पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. बोंबील वाळले का ते बघायला, म्हणे! मग दर रविवारी यायचा. शेकामुळे शालूचं तोंड सारखं कोरडं पडायचं. बोलता बोलता ती थांबली की तो न बोलता पाण्याची बाटली पुढे करायचा. तुम्हीचं तू कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

एका रविवारी होड्या किनाऱ्याला लागत असताना त्याने विचारलं, "शालू... लग्न करशील माझ्याशी?"

तिचे डोळे लकाकले. पण ती म्हणाली, "आधी माझा आकडा काढ."

"मी काढून द्यायचा नसतो. आणि मशीनची अजून चाचणी चालू आहे."

"मग डाक्टरीनबाईला विचारीन. वाईट निघाला तर तू यायचं न्हाय."

डॉक्टरीणबाईंनी फार आढेवेढे घेतले, शेवटी कागद दिला. आजार उलटायची शक्यता शंभरात चाळीस. आई, चंद्रावती, पदर तोंडाला लावून रडली. शालू रडली नाही. रविवारी कौस्तुभ आला तेव्हा तिने कागद त्याच्या छातीवर आपटला.

"चाळीस हाय. जा."

"जात नाही."

"मग सांग, काय बघितलं त्या मशीननं माझ्यात?"

त्याने कागद वाचला. "शेक चालू असताना वजन एकसारखं छप्पन्न किलो. संपल्यावर महिन्यात पन्नास. नंतर एवढं वजन उतरलं की मशीन घाबरतं."

 शालूचे कान लाल झाले, आणि मग ती खो खो हसायलाच लागली.

"शिसं होतं ते!"

"काय?"

"वजन उतरलं तर नाकातून नळी घालू, नर्सबाई म्हनालेली. मी बाबाच्या जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या ओढनीत बांधून कमरेला गुंडाळायची. दर आठवड्याला मूठभर वाढवायची. शेक संपले तशा सोडून टाकल्या."

कौस्तुभने कपाळाला हात लावला. "म्हणजे आमच्या मशीनने तुझं शिसं मोजलं!"

दोघं पोट धरून हसली. मग तो म्हणाला, "हे सांगावं लागेल. खोट्या वजनावर मशीन शिकलं तर दुसऱ्या कुणाचा तरी आकडा चुकेल."

"सांगीन. ओरडा खाईन. मग माझा कमी होईल?"

खोटं बोलायला त्याला कुणी अडवलं नव्हतं. "माहीत नाही. खरं वजन तर शेक चालू असतानाच उतरत होतं. कदाचित वाढेलही."

शालूने त्याच्याकडे नीट बघितलं. दोन वर्षांत तिला सगळ्यांनी गोड बोलूनच घाबरवलं होतं. हा एकटाच खरं बोलत होता... आणि जागचा हलत नव्हता.

"नवा आकडा कधी येईल?"

"आठवडा लागेल."

"मग आत्ता विचार. तेच, मागं विचारलेलं. चांगला आल्यावर विचारलंस तर त्या आकड्याला विचारलंस. वाईट आल्यावर विचारलंस तर कीव केलीस. मला विचारायचं असंल तर आत्ताच."

"शालू, माझ्याशी लग्न क—"

"करते! आनि ऐक, नव्वद आला तरी माझा शब्द फिरायचा न्हाय!"

दारातून चंद्रावती डोकावली. "काय गं, कुनावर ओरडतेस?"

"तुझ्या जावयावर!"