पाणकणसाच्या पोटातला वारा

पाण्यात वाढणारं झाड पाण्यातच गुदमरेल का?

सावरतळे अभयारण्यात वल्लरीसमोर तेच घडत होतं. पर्यटकांना पक्षी नीट दिसावेत म्हणून यंत्रानं काठची पाणकणसं बुडापासून कापली. मग तळ्यात पाणी सोडलं, खुंट बुडाले आणि फुटवाच येईना. न कापलेल्या पाणकणसांच्या बेटात जांभळ्या पाणकोंबडीनं अंडी घातली होती, आणि उद्या यंत्र तिथंच फिरणार होतं.

"मुळं कुजलीत," वल्लरी म्हणाली.

"पण का? टिकलीला विचारू," सुमनआत्या म्हणाली. आत्या वनस्पतिशास्त्रज्ञ. टिकली म्हणजे तिनं बनवलेला, धुळीच्या कणाएवढा यंत्रमानव. आत्यानं पाणकणसाच्या हिरव्या पानाला बारीक चीर देऊन टिकलीला आत सोडलं.

टिकलीला आत दिसणारं आत्याच्या हातातल्या पडद्यावर उमटलं आणि वल्लरी पुढं झुकली. पानाच्या आत दालनांमागून दालनं! उन्हानं हिरव्या झालेल्या पातळ भिंती, आणि मधे नुसती हवा.

"हे वायुऊतक (हवेच्या पोकळ्या असलेला पेशींचा समूह)," आत्या म्हणाली. "चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतोच. तो मुळांना वरून पुरवावा लागतो."

एवढ्यात टिकली भरभर खाली निघाली.

"आत्या, हिला कुणीतरी ढकलतंय!"

"वारा ढकलतोय. पानाच्या आतला."

बाहेर एक पातंही हलत नव्हतं.

"उन्हानं पान तापतं. आत दमट, बाहेर कोरडं. बारीक छिद्रांतून हवा आत शिरत राहते, पण तिला सहज परतता येत नाही. मग दाब वाढतो आणि ती खाली जाते."

टिकली मूलक्षोडात (चिखलात आडवं पसरलेलं खोड) शिरली, अंधारातून पुढं सरकली, पुन्हा वर चढली आणि गेल्या वर्षीच्या वाळक्या दांडीच्या मोडक्या टोकातून बाहेर पडली!

वल्लरी बघतच राहिली. "म्हणजे वाळकी दांडीसुद्धा कामात आहे! आणि आपण ती कापून वर पाणी सोडलं. आत्या, त्यांचं नाकच बुडालंय!"

ती धावत वनाधिकारी तडवीबाईंकडे गेली. बाईंनी ते चित्रण दोनदा पाहिलं. दुसऱ्यांदा त्या खुर्चीच्या टोकाशी येऊन बसल्या होत्या. "यंत्र थांबवा," त्यांनी फोनवर सांगितलं, "आणि खुंट उघडे पडेपर्यंत पाणी उतरवा."

सगळे खुंट वाचले नाहीत. पण काहींना कोवळी पाती फुटली, आणि बेटातून काळी, लोकरीच्या गोळ्यांसारखी पिल्लं बाहेर पडली.

भर दुपारी आत्याच्या होडीत बसून वल्लरी बेटाकडे पाहत होती. वारा पडलेला. तरी त्या प्रत्येक पानातून आत्ता हवा खाली धावत होती.

"आत्या, असं घर बांधता येईल? पंख्याशिवाय, नुसत्या उन्हावर हवा खेळवणारं?"

"मी तरी अजून पाहिलेलं नाही," आत्या म्हणाली. "कुठून सुरुवात करशील?"

वल्लरीनं पाण्यावर वाकून एका पानावरून हलकेच बोट फिरवलं.

"छिद्रांपासून," ती म्हणाली.